इंग्रजीत ‘नाही’ म्हणताना सहायक क्रियापद कसं निवडायचं

‘आय ॲम नॉट नो.’ ‘ही डिडन्ट केम.’ ‘आय ॲम नॉट ॲग्री.’ मराठी शाळेतून आलेल्या माणसाच्या तोंडून ही तीन वाक्यं हमखास निघतात. त्यामागे बेफिकिरी नसते. मराठीचं व्याकरण डोक्यात इतकं पक्कं असतं की इंग्रजी शब्दही त्याच साच्यात जाऊन बसतात. मीही मराठी माध्यमाचाच. काळांचे तक्ते तोंडपाठ होते, तरी बोलायच्या वेळी त्यांचा फारसा उपयोग होत नसे. पुढे नोकरीत नव्याने आलेल्या मुलामुलींना समजावताना लक्षात आलं की सगळे जण ‘नाही’ला इंग्रजी शब्द शोधत बसतात. तो शब्द ‘नॉट’, विषय संपला. बघायचं असतं ते मराठीत ‘नाही’च्या आधी क्रियापदाचं कोणतं रूप आलंय ते. त्यावरून सहायक क्रियापद ठरतं, आणि सहायक ठरलं की निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं.

जवळ काय हवं

- एक छोटी वही.
- शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी शब्दकोश, क्रियापदाची तिन्ही रूपं (गो, वेन्ट, गॉन अशी) देणारा. फोनमधला चालेल.
- फोनमधलं आवाज रेकॉर्ड करायचं ॲप.
- कुठलंही मराठी वर्तमानपत्र. ‘नाही’, ‘नव्हते’, ‘नये’ त्यात रोज भरपूर मिळतात. सरावासाठी वेगळं पुस्तक विकत घ्यायची गरज नाही.

१. आधी सहायक क्रियापदं ओळखीची करून घ्या

वहीच्या पहिल्या पानावर हे चार गट लिहा.

- ‘बी’चा गट: ॲम, इज, आर, वॉज, वेअर
- ‘हॅव’चा गट: हॅव, हॅज, हॅड
- ‘डू’चा गट: डू, डज, डिड
- मोडल, म्हणजे शक्यता, गरज, परवानगी, भविष्य सांगणारे: विल, वुड, शॅल, शुड, कॅन, कुड, मे, माइट, मस्ट

हे झाले २०. रोजच्या बोलण्यात एवढे पुरतात. ‘नीड’, ‘डेअर’, ‘ऑट टु’, ‘यूज्ड टु’ हे अधूनमधून सहायकाचं काम करणारे पाहुणे. त्यातलं ‘नीड’ तेवढं पुढे बघू.

२. ‘नॉट’ची जागा: पहिल्या सहायकाच्या लगेच मागे

मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं. ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत थांबावं लागतं. इंग्रजीत कर्ता झाला, पहिलं सहायक झालं, की लगेच ‘नॉट’.

‘शी इज रीडिंग’चं ‘शी इज नॉट रीडिंग’. ‘दे विल कम’चं ‘दे विल नॉट कम’. सहायकांची रांग असली तरी नियम तोच. ‘द बिल शुड हॅव बीन पेड’ याचं ‘द बिल शुड नॉट हॅव बीन पेड’. ‘शुड हॅव नॉट बीन’ असं मध्ये कुठेतरी घुसवू नका.

इथला सापळा ‘आहे’चा. ‘तो घरी आहे’ याचं नकारार्थी ‘तो घरी नाही’. म्हणजे मराठीत ‘नाही’ आलं की ‘आहे’ उठून जातं. इंग्रजीत ‘इज’ जागचं हलत नाही, म्हणून ‘ही इज नॉट ॲट होम’. ‘ही नॉट ॲट होम’ हे वाक्य आपण ‘इज’ विसरल्यामुळे होत नाही. मराठीत त्या जागी खरोखरच काही नसतं म्हणून होतं.

‘रिअली’सारखा शब्द मध्ये आला तर त्याची जागाही अर्थ बदलते. ‘आय डोन्ट रिअली लाइक इट’ म्हणजे मला ते फारसं आवडत नाही. ‘आय रिअली डोन्ट लाइक इट’ म्हणजे मला ते अजिबात आवडत नाही. कुणाच्या घरी जेवताना दुसरं म्हणू नका.

३. सहायक नसेल तर ‘डू’ला बोलवा

‘आय ड्रिंक टी.’ यात पहिल्या पानावरचा एकही शब्द नाही. मग ‘नॉट’ कुणामागे उभं राहणार? त्यासाठी ‘डू’ आणायचं.

- आय, यू, वी, दे यांच्याबरोबर: डू नॉट
- ही, शी, इट आणि एकवचनी नावं: डज नॉट
- भूतकाळात सगळ्यांबरोबर: डिड नॉट

आणि मागून येणारं मुख्य क्रियापद मूळ रूपात, बोडकं. ‘ही ड्रिंक्स टी’ मधला शेवटचा ‘स’ उडी मारून ‘डज’मध्ये गेलेला असतो, म्हणून ‘ही डज नॉट ड्रिंक टी’. भूतकाळही ‘डिड’मध्ये गेलेला असतो, म्हणून ‘ही डिड नॉट ड्रिंक’.

‘डिडन्ट वेन्ट’ का सुटत नाही ते एकदा समजून घ्या. मराठीत ‘मी गेलो’चं ‘मी गेलो नाही’ होतं. ‘गेलो’ हे भूतकाळी रूप नकारातही जसंच्या तसं राहतं. आपला मेंदू ‘गेलो’ला ‘वेन्ट’ देतो आणि मोकळा होतो. इंग्रजीत भूतकाळाची खूण एकदाच करतात, आणि ती ‘डिड’ने करून झालेली असते. यात एक फायदाही आहे. ‘कॅच’चं ‘कॉट’, ‘टीच’चं ‘टॉट’ आठवलं नाही तरी नकारार्थी वाक्य अडत नाही: ‘डिड नॉट कॅच’, ‘डिड नॉट टीच’.

जुन्या इंग्रजीत ‘आय नो नॉट’ असं सरळ म्हणत. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये ‘दे नो नॉट व्हॉट दे डू’ असं वाक्य आहे. कवितेत दिसलं तर दचकू नका, पण अर्जात तसं लिहू नका.

४. मराठी वाक्यावरून सहायक निवडा

खरी मेहनत इथे आहे. वर्तमानपत्रातलं ‘नाही’वालं वाक्य घ्या आणि ‘नाही’च्या आधीच्या शब्दावर बोट ठेवा.

क्रियापदच नसेल, नुसतं नाम, विशेषण किंवा जागा असेल, तर ‘बी’चा गट. ‘तो डॉक्टर नाही’, ‘ती आजारी नाही’, ‘ते मुंबईत नव्हते’: इज नॉट, इज नॉट, वेअर नॉट.

याला दोन मोठे अपवाद आहेत. पहिला, ‘मला माहीत नाही’. ‘माहीत’ आपल्याकडे क्रियापद नाही, म्हणून ‘ॲम नॉट’ तोंडात येतं; पण इंग्रजीत ‘नो’ हे क्रियापद आहे, म्हणून ‘आय डोन्ट नो’. ‘मान्य नाही’चंही तसंच, ‘ॲग्री’ क्रियापद आहे: ‘आय डोन्ट ॲग्री’. दुसरा, ‘माझ्याकडे गाडी नाही’. इथे मालकी आहे, म्हणून ‘आय डोन्ट हॅव अ कार’.

‘-त नाही’ असेल तर आधी विचारा, सवय की आत्ताची गोष्ट? ‘तो मांस खात नाही’ ही सवय, म्हणून ‘ही डजन्ट ईट मीट’. ‘तो आत्ता जेवत नाहीये’ म्हणजे ‘ही इजन्ट ईटिंग नाऊ’. बोलीतलं ‘नाहीये’ इथे मोठी मदत करतं, ते आलं की बहुतेक वेळा ‘-इंग’. पण समजणं, आवडणं, हवं असणं, वाटणं अशा मनातल्या गोष्टींना ‘-इंग’ सहसा लागत नाही. ‘मला समजत नाहीये’ याचं ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ करा. ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ आपल्याकडे ऑफिसा-ऑफिसात ऐकू येतं आणि समजतंही, पण परदेशी माणसाच्या कानाला खटकतं.

‘मला पोहता येत नाही’ मधलं ‘येत नाही’ वेगळं. ते जमण्याबद्दल आहे: ‘आय कान्ट स्विम’.

‘आला नाही’, ‘केलं नाही’ या रूपांत दोन वाटा फुटतात. वाक्यात ‘काल’, ‘गेल्या वर्षी’ अशी संपलेली वेळ असेल तर ‘डिड नॉट’. ‘अजून’ असेल तर ‘हॅव’ किंवा ‘हॅज’: ‘तो अजून आला नाही’ म्हणजे ‘ही हॅजन्ट कम येट’. लक्षात ठेवा, ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ यांच्यामागे क्रियापदाचं तिसरं रूप येतं, मूळ रूप नाही. शब्दकोश यासाठीच जवळ ठेवायला सांगितला.

‘-णार नाही’ सोपं आहे. ‘विल नॉट’. ठरलेला बेत असेल तर ‘आय ॲम नॉट कमिंग टुमॉरो’ हे जास्त स्वाभाविक.

आता ‘नव्हता’. सगळ्यात जास्त घोळ याच शब्दाचा, कारण तो तीन ठिकाणी तीन वेगळ्या रचना मागतो.

- ‘तो घरी नव्हता’: ही वॉज नॉट ॲट होम
- ‘तो ऐकत नव्हता’: ही वॉज नॉट लिसनिंग
- ‘मी पोचलो तेव्हा गाडी सुटली नव्हती’: द ट्रेन हॅड नॉट लेफ्ट व्हेन आय रीच्ड

आणि चौथी भानगड अशी की मराठीत आपण ‘मी काल ऑफिसला गेलो नव्हतो’ असं साध्या भूतकाळासाठीही म्हणतो. त्याचं ‘आय हॅड नॉट गॉन टु ऑफिस येस्टरडे’ करू नका. ‘आय डिडन्ट गो’ एवढंच म्हणा. ‘हॅड’ तेव्हाच, जेव्हा भूतकाळात दोन घटना आहेत आणि त्यातली आधीची सांगायची आहे. भारतीय लोकांच्या ईमेलमध्ये ‘हॅड’चा जो सुळसुळाट दिसतो त्यात या सवयीचा वाटा आहे, असं माझं मत.

५. दोन नोकऱ्या करणारे: हॅव, डू, नीड

‘हॅव’ कधी सहायक असतं, कधी मुख्य. ‘आय हॅव सीन इट’ मध्ये सहायक, म्हणून ‘आय हॅव नॉट सीन इट’. ‘आय हॅव अ ब्रदर’ मध्ये मुख्य, म्हणून ‘आय डोन्ट हॅव अ ब्रदर’. ओळखायची खूण अशी: मागे दुसरं क्रियापद तिसऱ्या रूपात आहे का? असेल तर सहायक. ‘हॅव टु’ नेहमी ‘डू’ मागतं: ‘आय डोन्ट हॅव टु गो’. ब्रिटिश बोलण्यात ‘आय हॅवन्ट गॉट अ कार’ ऐकाल, तेही बरोबर. फक्त दोन्ही मिसळून ‘आय डोन्ट हॅव गॉट’ करू नका.

‘डू’ मुख्य असेल तर वाक्यात ‘डू’ दोनदा येतं: ‘शी डजन्ट डू हर होमवर्क’. कानाला विचित्र वाटतं, पण एक जरी काढलं तरी वाक्य मोडतं.

‘नीड’चं दोन्ही चालतं, ‘यू डोन्ट नीड टु वेट’ आणि ‘यू नीडन्ट वेट’. पहिल्यात ‘टु’ आहे, दुसऱ्यात नाही. नवख्या माणसाने पहिलंच धरावं.

६. मोडल: ‘नॉट’ लावलं की अर्थ कुठे जातो?

जागेचा नियम तोच, पण इथे अर्थाने फसगत होते.

‘यू मस्ट गो’ म्हणजे तुला गेलंच पाहिजे. मग ‘यू मस्ट नॉट गो’ म्हणजे ‘गेलंच पाहिजे असं नाही’? मुळीच नाही. त्याचा अर्थ ‘तिथे जायचं नाही!’, आई दटावते तसं. ‘गेलंच पाहिजे असं नाही, जायची गरज नाही’ यासाठी ‘यू डोन्ट हॅव टु गो’. पाहुण्याला ‘पैसे द्यायची गरज नाही’ म्हणायला जाऊन ‘यू मस्ट नॉट पे’ म्हटलंत तर तो पाकीट हातात धरून बुचकळ्यात पडेल.

‘मस्ट’चा दुसरा अर्थ अंदाजाचा. ‘ही मस्ट बी ॲट होम’, तो घरीच असणार. याचं उलट ‘ही कान्ट बी ॲट होम’, तो घरी असणं शक्यच नाही. इथे सहायकच बदलतं.

‘मे नॉट’ला दोन अर्थ. ‘ही मे नॉट कम’ म्हणजे तो कदाचित येणार नाही. पाटीवर ‘व्हिजिटर्स मे नॉट एंटर’ असेल तर ती मनाई. शक्यता सांगायची असेल आणि घोळ नको असेल तर ‘माइट नॉट’ वापरा.

‘वोन्ट’मध्ये कधी हट्ट असतो. ‘द कार वोन्ट स्टार्ट’ म्हणजे गाडी पुढे कधी चालू होणार नाही असं भविष्य नव्हे. ती आत्ता चालूच होत नाहीये.

आपलं ‘नये’ आणि ‘शुड नॉट’ यांची जोडी मात्र छान जमते, त्यावर वेळ घालवू नका. ‘जाऊ नकोस’, ‘करू नका’ ही आज्ञा ‘डोन्ट’ने: ‘डोन्ट गो’. ‘बी’ला स्वतःचं सहायक पुरतं, तरी आज्ञेत त्यालाही ‘डोन्ट’ लागतं: ‘डोन्ट बी लेट’. आणि कुणी चहा विचारला की ‘नको’साठी ‘आय डोन्ट वॉन्ट’ म्हणू नका, ते फटकळ वाटतं. ‘नो, थँक यू’ म्हणा.

७. कोणीच, काहीच, कधीच: दुहेरी नकार टाळा

‘मला कोणीच सांगितलं नाही.’ शब्दाला शब्द लावला तर ‘नोबडी डिडन्ट टेल मी’, म्हणजे प्रमाण इंग्रजीत अर्थ उलटा: न सांगणारं कोणीच नव्हतं. आपलं ‘कोणीच’ स्वतः नकारार्थी नाही, त्याला ‘नाही’चा आधार लागतो. ‘नोबडी’, ‘नथिंग’, ‘नेव्हर’ यांच्या पोटात नकार आधीच आहे. म्हणून एका वाक्यात एकच नकार ठेवा: ‘नोबडी टोल्ड मी’ किंवा ‘दे डिडन्ट टेल मी एनीथिंग’. चॉसर या इंग्रज कवीच्या काळात, १४व्या शतकात, इंग्रजीतही दोन-तीन नकार एकत्र सर्रास चालत. गाण्यांतून आणि बोलीतून आजही ते ऐकू येतात. मुलाखतीत ती ऐट नको.

नकारात आणखी काही शब्द बदलतात: ‘सम’चं ‘एनी’, ‘ऑलरेडी’चं ‘येट’ आणि वाक्याच्या शेवटचं ‘टू’ असेल तर ‘आयदर’. ‘मलाही माहीत नाही’ म्हणजे ‘आय डोन्ट नो आयदर’.

‘सगळे विद्यार्थी आले नाहीत’ हे मराठीतही गोंधळाचं वाक्य आहे: काही आले की कोणीच आलं नाही? इंग्रजीत ‘ऑल स्टुडन्ट्स डिड नॉट कम’चं तेच होतं. काही आले असतील तर ‘नॉट ऑल स्टुडन्ट्स केम’. कोणीच आलं नसेल तर ‘नन ऑफ द स्टुडन्ट्स केम’.

शाळकरी वाचकांसाठी: परीक्षेत ‘अर्थ न बदलता नकारार्थी करा’ असा प्रश्न असेल तर तो खेळ वेगळा. तिथे नुसतं ‘नॉट’ घातलं तर गुण जातात. नकार घालून विरुद्धार्थी शब्दही घ्यावा लागतो: ‘ही इज ऑलवेज लेट’चं ‘ही इज नेव्हर ऑन टाइम’. ‘ॲज सून ॲज’चं ‘नो सूनर’ करताना पुन्हा ‘डिड’ आणि मूळ रूप: ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट’.

८. जोडरूपं: लिहिताना आणि बोलताना

डोन्ट, डजन्ट, डिडन्ट, इजन्ट, आरन्ट, हॅवन्ट, कुडन्ट ही सरळ आहेत. वाकडी फक्त तीन: ‘विल नॉट’चं वोन्ट, ‘शॅल नॉट’चं शान्ट, ‘कॅनॉट’चं कान्ट. ‘ॲम नॉट’चं प्रमाण इंग्रजीत जोडरूपच नाही, म्हणून ‘आयम नॉट’. बोलीत त्यासाठी ‘एन्ट’ म्हणतात, ते सिनेमातल्या पात्रांसाठी सोडा.

लिहिताना तीन गोष्टी सांभाळा. वरचा स्वल्पविराम ‘नॉट’मधल्या गाळलेल्या ‘ओ’च्या जागी, म्हणजे ‘एन’ आणि ‘टी’च्या मध्ये येतो, ‘एन’च्या आधी नाही. ‘कॅनॉट’ सलग एक शब्द लिहितात. आणि अर्जात, कार्यालयीन पत्रात जोडरूपं टाळून ‘डू नॉट’, ‘विल नॉट’ असं पूर्ण लिहा.

बोलताना गफलत होते ती ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ची. इंग्रज ‘कान्ट’ असा लांब ‘आ’ म्हणतात. अमेरिकन ‘कॅन्ट’ म्हणतात आणि शेवटचा ‘ट’ बहुधा गिळतात. ‘आय कॅन गो’ म्हणताना ‘कॅन’ आखडून ‘कन’ होतं आणि जोर ‘गो’वर जातो, नकारात जोर ‘कॅन्ट’वरही येतो. ऐकताना ‘ट’च्या मागे लागू नका, जोर कुठे आहे ते ऐका. फोनवर पैशांचं किंवा तारखेचं बोलणं असेल तर सरळ ‘कॅनॉट’ म्हणा. रेकॉर्डिंग ॲप काढायचं ते इथे: दोन्ही वाक्यं आलटून पालटून बोला, दुसऱ्या दिवशी ऐका आणि कोणतं कोणतं ते ओळखा.

९. ‘यस’ की ‘नो’? नकारार्थी प्रश्नाचं उत्तर

‘फॉर्म भरला नाहीस ना?’ ‘हो.’ मराठीत या ‘हो’चा अर्थ, तू म्हणतोस ते बरोबर, नाही भरला. आपण समोरच्याच्या बोलण्याला दुजोरा देतो. इंग्रजीत दुजोऱ्याचा प्रश्नच नसतो. भरला असेल तर ‘यस’, नसेल तर ‘नो’, प्रश्न कसाही विचारलेला असो.

मुलाखतीत ‘सो यू डोन्ट हॅव एनी एक्स्पीरियन्स?’ असं विचारलं आणि अनुभव नसताना तुम्ही ‘यस सर’ म्हणालात, तर समोरच्याला वाटतं अनुभव आहे, आणि तो लगेच विचारतो कुठला. म्हणून ‘यस’ किंवा ‘नो’वर थांबू नका, मागे सहायक जोडा: ‘नो, आय डोन्ट’ किंवा ‘यस, आय डू’. प्रश्नात जे सहायक आलं तेच बहुधा उत्तरात परत येतं. ‘हॅवन्ट यू पेड?’ला ‘नो, आय हॅवन्ट’. ‘वॉजन्ट ही देअर?’ला ‘यस, ही वॉज’.

‘माइंड’वाल्या प्रश्नाचंही असंच. ‘डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?’ यात विचारलेलं असतं, तुमची हरकत आहे का. हरकत नसेल तर ‘नो, आय डोन्ट’, किंवा ‘नॉट ॲट ऑल’. आपण आदबीने ‘यस, यस’ म्हणतो आणि समोरचा खिडकी न उघडता बसून राहतो.